वस्तादाची विद्या आणि व्यायामाचे शास्त्र

१९२० च्या ऑगस्ट महिन्यात बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. त्यांतील मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे पुढे कायम झालेल्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिकच होते. फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनने ती शर्यत २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत जिंकली. तीच शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून जो धावपटू एकोणिसावा आला, तो आपल्या बेळगावचा होता. त्याचे नाव फडेप्पा चौगुले. नावातील 'अप्पा' कानडी, आडनाव मराठी मुलखात घरोघर आढळणारे. आमच्या सीमाभागाची ओळख त्या एका नावात सामावलेली आहे.

हा गडी अँटवर्पपर्यंत पोहोचला कसा? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१९ साली मैदानी शर्यती भरविल्या. सर दोराबजी टाटा त्या संस्थेचे अध्यक्ष होते. शेतात राबणारी मुले अनवाणी धावताना त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास आहेत हे पाहून ते चकित झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे पाठबळ मिळाले, टाटांनी स्वतःची पदरमोड केली, आणि चार धावपटू व दोन मल्ल अशी सहाजणांची तुकडी रवाना झाली. तिच्यातील रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदक एका कुस्तीने हुकले!

श्रोतेहो, कोलेहमाइनेन आणि चौगुले यांच्यात १८ मिनिटांचे अंतर पडले. हिशेब केला तर दर किलोमीटरला सुमारे २५ सेकंद. हे २५ सेकंद कशाचे? छातीचा दम कमी होता, असे कोण म्हणेल? शिकवणुकीवाचून जो जगात एकोणिसावा येतो, त्याचा दम कमी नव्हे. किती वेगाने आरंभ करावा, वाटेत काय प्यावे, शर्यतीपूर्वी किती आठवडे कसा सराव करावा आणि विसावा केव्हा घ्यावा, हे त्याला पद्धतशीर शिकविणारी शाळा त्या काळी आपल्या देशात नव्हती, हा प्रश्नाचा गाभा होय.

अर्थात हे शास्त्र पाश्चात्त्य देशांतही त्या वेळी बाल्यावस्थेत होते. स्नायूंच्या कार्याविषयीच्या संशोधनाबद्दल आर्चिबाल्ड हिल व ओटो मायरहोफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. धावणाऱ्या माणसाला किती प्राणवायू लागतो, याची मोजदाद हिल यांनी त्यानंतर केली. १९२४ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा थकून कोसळणाऱ्यांच्या रक्तातील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना गोड खाऊ घातले, आणि तो थकवा बराचसा टळला. केवढी साधी गोष्ट! पण ती चौगुल्यांच्या शर्यतीनंतर चार-पाच वर्षांनी कळली.

आपल्याकडे तालीम होती, लाल मातीचा हौदा होता आणि वस्ताद होता. वस्तादाची विद्या कमी लेखण्याचे कारण नाही. पोराच्या अंगाकडे एक नजर टाकून त्याला किती जोर, किती बैठका झेपतील, हे तो अचूक सांगे. परंतु ती विद्या त्याच्या नजरेत होती, कागदावर नव्हती. वस्तादाबरोबर ती मावळे. शास्त्राचे वैशिष्ट्य हे की ते अनोळखी माणसालाही शिकता येते आणि चुकले तर पारखून दुरुस्त करता येते.

हे ओळखणारी माणसे आपल्यातच निघाली. बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांची परीक्षा क्ष-किरणांच्या साहाय्याने केली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामशिक्षक घडविण्याचे व्रत घेतले. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत सिद्ध केला. वस्तादाच्या नजरेतील विद्या कागदावर उतरविण्याचा तो भगीरथ प्रयत्न होता.

१९३७ साली मुंबई सरकारने कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली. बेळगाव, चिकोडी, निपाणी हा सारा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे कांदिवली ही आमच्याही शिक्षकांची सरकारी संस्था होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि ती वाट दुसऱ्या राज्यातील ठरली. कांदिवलीचे प्राचार्य पी. एम. जोसेफ १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी देशात प्रथम तेथे सुरू झाली. खेळांचे मार्गदर्शक तयार करणारी राष्ट्रीय संस्था १९६१ साली पतियाळास स्थापन झाली. शाळेतील सर्व मुलांना निरोगी करणे हे शिक्षकाचे काम, निवडक खेळाडूला शिखरावर नेणे हे मार्गदर्शकाचे. ही दोन कामे वेगळी आहेत, हे या दोन संस्थांनी स्पष्ट केले.

खाशाबा जाधवांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९४८ साली लंडनला ते मातीवरून गादीवर आले. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना तिथले डाव शिकविले, आणि खाशाबा सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. हाडामासाची मेहनत कऱ्हाडकडील होती. तिला जोड मिळाली ती शिकवणुकीची.

आज व्यायामाच्या शास्त्राची पदवी घेणे अवघड उरलेले नाही. अवघड आहे ते मनातील अढी काढणे. शाळेत व्यायामाचा तास हा गणिताने गिळावयाचा तास, आणि ज्याला दुसरे काही जमत नाही तो व्यायामशिक्षक, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. वस्तुतः शरीररचना, आहार, मानसशास्त्र, दुखापतीवरील उपचार इतक्या विषयांचा अभ्यास या मार्गावर करावा लागतो. हुशार मुलामुलींनी तो अपुरेपणाचा शिक्का न मानता निवडला पाहिजे, आणि पालकांनी त्यांस अडवू नये.

निपाणीच्या तंबाखूच्या शेतांत वा बेळगावच्या गल्ल्यांत आजही एखादा फडेप्पा अनवाणी धावत असेल. त्याची भाषा कानडी की मराठी, हे धावताना विचारले जात नाही. त्याला ओळखील आणि ते २५ सेकंद भरून काढावयास शिकवील असा एक जाणता शिक्षक त्याच्या शाळेत असला पाहिजे. दम त्याच्यापाशी आहेच. विद्या देणे आपल्या हाती आहे.