घरात जपानी लाव्ही पाळताना: आधी पिंजऱ्याची उंची ठरवा

लाव्ही म्हणजेच बटेर. अंडी आणि मांसासाठी पाळली जाणारी जपानी लाव्ही १९७४ मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे संशोधनासाठी आणली गेली आणि तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या कामातून पुढे देशभर पसरली. पक्षी दीड-दोनशे ग्रॅमचा, जागा थोडी लागते आणि मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. त्यामुळे फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा रिकाम्या खोलीत चार-पाच लाव्ह्या पाळाव्यात असे अनेकांना वाटते. पाळता येतात. मात्र व्यावसायिक पालनाच्या माहितीपत्रकातले आकडे घरी जसेच्या तसे वापरू नका. ते आकडे पाच आठवड्यांत विकल्या जाणाऱ्या पक्ष्यांसाठी असतात. तुमच्या घरात हा पक्षी दोन-तीन वर्षे राहणार आहे.

कोणता पक्षी घ्यावा

पक्षी उबवणी केंद्रातून किंवा लाव्हीपालकाकडून पावतीसह घ्या. आठवडी बाजारात फासे लावून पकडलेले रानलाव्हे कधी कधी विकायला येतात. छातीवर काळा डाग असलेला नर दिसला तर तो बहुधा रानातला पावसाळी लाव्हा समजावा. रानातले लाव्हे पकडणे व विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि असा पक्षी घरात टिकतही नाही.

एक दिवसाची पिल्ले स्वस्त मिळतात, पण नवख्याने घेऊ नयेत. पिल्लू सात-आठ ग्रॅमचे असते. त्याला पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पाण्याच्या उथळ ताटलीतही ते बुडून मरते (घेतलीच असतील तर ताटलीत गोट्या किंवा खडे टाका). त्यापेक्षा चार-पाच आठवड्यांचे पक्षी घ्यावेत. तोवर पिसे पूर्ण आलेली असतात आणि नर-मादी ओळखता येतात. नराची छाती तांबूस व एकसारखी असते, मादीच्या छातीवर काळे ठिपके असतात.

पोपटाचा पिंजरा चालत नाही

घरात पाळलेल्या लाव्ह्या दगावण्यामागे बहुतेक वेळा पिंजऱ्याची चूक असते. लाव्ही जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. ती दांडीवर बसत नाही, त्यामुळे दांड्या आणि झोके लावण्यात अर्थ नाही. घाबरली की ती पळत नाही, सरळ वर उसळते. कुकरची शिट्टी झाली, रात्री अचानक दिवा लागला किंवा खिडकीत मांजर दिसले, एवढे कारण पुरते. दीड-दोन फूट उंचीच्या पिंजऱ्यात तिला वेग घ्यायला नेमकी जागा मिळते आणि डोके छताच्या तारेवर आपटून कवटी सोलवटते किंवा मान मोडते.

म्हणून पिंजरा एकतर बुटका, म्हणजे सुमारे एक फूट उंचीचा करावा, नाहीतर माणूस उभा राहील इतका उंच. मधली उंची नको. बुटक्या पिंजऱ्याचे छत कापडाचे किंवा शेडनेटचे ताणून लावा. लांबी-रुंदी मात्र सढळ ठेवावी. व्यावसायिक पिंजऱ्यात एका पक्ष्याला दीड-दोनशे चौरस सेंटिमीटर जागा देतात. घरी निदान एक चौरस फूट द्या. म्हणजे चार पक्ष्यांना चार फूट लांब, एक फूट रुंद जागा ही किमान समजावी.

तळाला जाळी नको, पाय सोलतात. लाकडी फळीवर दोन-तीन इंच भाताच्या तुसाची गादी घाला. एका कोपऱ्यात पसरट घमेल्यात कोरडी बारीक वाळू ठेवा. पक्षी त्यात धूळस्नान करतात; हे रोज पाहण्यासारखे असते. दुसऱ्या कोपऱ्यात खोके आडवे ठेवले की लपायला जागा होते आणि उसळणे बरेच कमी होते. उंदीर-घुशींचे दात व मांजराचा पंजा आत जाणार नाही इतकी बारीक, मजबूत जाळी बाजूंना हवी.

नर किती?

अंडी खाण्यासाठीच हवी असतील तर नराची गरज नाही. नराशिवाय मादी अंडी देते, ती फक्त फलित नसतात. पिल्ले हवी असतील तर तीन-चार माद्यांमागे एक नर ठेवा. दोन नर एका पिंजऱ्यात ठेवल्यास डोळे-डोके फुटेपर्यंत चोची मारतात. एकटा नर मादीसोबत ठेवला तर तो तिच्या मानेची पिसे उपटून काढतो. शिवाय नराचे ओरडणे लहानशा देहाच्या मानाने फार खणखणीत असते, आणि ते पहाटेच नव्हे तर रात्रीही चालते. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर फक्त माद्या घ्याव्यात हे बरे. एकटी लाव्ही मात्र पाळू नका, ती सतत बिथरलेली राहते.

दिवा वेळेवर मालवा

चौदा-सोळा तास उजेड मिळाला की मादी सलग अंडी देते. व्यावसायिक शेडमध्ये बल्ब लावतात ते यासाठीच. घरात हे नकळत घडते: पहाटेपासून उजेड आणि रात्री अकरापर्यंत दिवाणखान्यातले दिवे. मादी विश्रांतीविना अंडी देत राहते, कॅल्शिअम कमी पडते, कवच पातळ होते आणि अंडे अडकून ती दगावू शकते. सायंकाळी आठ-साडेआठला पिंजऱ्यावर हवा खेळेल असे गडद कापड टाका. हिवाळ्यात अंडी कमी झाली किंवा थांबली तर थांबू द्या.

खाद्य

नुसती बाजरी, कणी किंवा पोपटाचे मिश्रण देऊ नये. लाव्हीला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिने लागतात: वाढत्या वयात सुमारे २४ टक्के, अंड्यावर आल्यावर २० टक्के. लाव्हीचे खास खाद्य मिळाले नाही तर ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर खाद्य बारीक करून द्या आणि अंडी देणाऱ्या माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. मोठा पक्षी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम खातो. चिरलेली कोथिंबीर, मेथी, थोडे गांडूळ किंवा अळ्या आवडीने खातात, पण तो वरखाऊ समजावा.

वास, पाय आणि आजार

खोलीत अमोनियाचा वास आला म्हणजे गादी ओली झाली आहे. ओल्या तुसात बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात जाते. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तूस बदलावे लागते. विष्ठा वाळून बोटांना गोळे चिकटतात; ते ओढू नका, पाय कोमट पाण्यात भिजवून सोडवा. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. नॉन-स्टिक तवा फार तापला की निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. डासांचा फवाराही त्या खोलीत नको.

पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. विष्ठेतून साल्मोनेला पसरतो. लहान मुलांना पक्षी उचलून द्यायचा मोह टाळा. लाव्हीला हातात धरलेले आवडत नाही आणि घट्ट धरल्यास ती गुदमरते.

बर्ड फ्लूच्या बाबतीत लाव्ही कुक्कुट पक्ष्यांतच मोडते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे हा रोग आढळला, तेव्हा बाधित ठिकाणापासून एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट करण्याचा निर्णय झाला होता. कावळे-कबुतरे पिंजऱ्याच्या खाद्याला लागणार नाहीत अशी बाल्कनीला जाळी लावा. एका-दोन दिवसांत एकाहून अधिक पक्षी अचानक मेले तर मृत पक्षी कचऱ्यात टाकू नका, उघड्या हाताने उचलूही नका. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.