पावसाची बातमी आणि तेंदूची फळी

मंडळी, हवामान खातं आपल्याकडे शेतकऱ्यासाठी जन्माला आलं असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं, बंदरातली जहाजं फुटली, आणि वादळाची आगाऊ सूचना देण्याची पहिली व्यवस्था झाली ती त्या बंदरासाठी. म्हणजे व्यापारासाठी. पुढे १८६६ आणि १८७१ ला मॉन्सून हुकला, तेव्हा कुठे १८७५ साली देशभराचं खातं उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातला बर्फ पाहून पावसाचा अंदाज बांधत. शेतकऱ्यासाठी रेडिओवर वेगळी बातमी यायला १९४५ उजाडलं. बंदरापासून बांधापर्यंत यायला ऐंशी वर्षं लागली, बरं का!

जंगलात राबणाऱ्याचा नंबर त्याच्याही मागे.

आलापल्ली म्हटलं की लोक सागवानाचं बोलतात. पण कापलेल्या सागावर एक सर पडून गेली तर फारसं बिघडत नाही. तेंदूचं तसं नाही. ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हे पुडे फळीवर उन्हात पसरून वाळवायचे, उलटायचे. हंगाम एप्रिल-मेचा, आणि वळवाच्या वादळांचा काळही नेमका तोच. वाळत्या पानावर पाणी पडलं की डाग येतात, बुरशी धरते. गार पडली तर झाडावरचंच पान फाटतं.

पूर्वी हा व्यवहार वन खातं आणि ठेकेदार यांच्यात होता. २००६ चा वनहक्क कायदा आला, २००९ मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळाला, २०१४ ला राज्याचे पेसा नियम झाले, आणि अनेक ग्रामसभा स्वतःच तेंदू विकू लागल्या. फार मोठी गोष्ट आहे ही. पण मालकी आली तसा पावसाचा धोकाही घरात आला, याची चर्चा मात्र कमी होते.

आता हिशेब बघा. समजा, फळी झाकायला हजार रुपये लागतात आणि भिजली तर दहा हजारांचं पान जातं. मग पावसाची शक्यता दहात एकापेक्षा जास्त असेल, तर झाकणंच फायद्याचं. अंदाज दरवेळी खरा ठरायलाच हवा असं नाही. तो किती वेळा खरा ठरतो, एवढं माहीत असलं तरी पुरे. ‘अंदाज चुकला’ म्हणून खात्याला हसणारे हा हिशेब कधी मांडत नाहीत.

अडचण वेगळीच आहे. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ या वाक्यावर कोरचीच्या फळीनं पान झाकायचं की सिरोंच्याच्या? उगाच तोडणी थांबवली तर आधीच थोड्या दिवसांच्या हंगामातली त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सूचना तालुक्याची हवी, माडिया-गोंडीतही हवी, आणि दुपारी ढग भरून यायच्या आत, सकाळीच फळीवरच्या मुन्शीच्या कानावर पडायला हवी. पुष्कळ गावांत आधी फोनची रेंज शोधत टेकडीवर चढावं लागतं, हेही त्यातच आलं.