सोळा इंचांची गोष्ट : हरणाच्या शिकारीची रायफल, तिची नळी आणि सायलेन्सर

१/१९
अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी सायलेन्सर लावलेली रायफल घेणाऱ्या शिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो नळीच्या लांबीचा. २४ इंच, २० इंच, १८ इंच असे करत तो खाली येतो आणि १६ इंचांपाशी थबकतो. १६ इंच आणि १५.९ इंच यांतील फरक गोळीला जाणवत नाही, हरणालाही जाणवत नाही. कायद्याला मात्र तो जाणवतो. १५.९ इंचांची नळी नोंदणीविना बाळगणे हा तेथे संघराज्याचा गुन्हा आहे. हा आकडा आला कोठून, याची ही कथा.

२/१९
आरंभ काळ्या दारूच्या युगापासून करावा लागतो. अठराव्या शतकात पेनसिल्व्हानियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी आपल्याकडील आखूड, जाड ‘येगर’ रायफलीला नवे रूप दिले. तिची नळी वाढत वाढत ४० इंचांच्याही पुढे गेली. लांब नळीत दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास अधिक अवधी मिळे आणि नळीवरील दोन नेमखुणांतील अंतर वाढल्याने नेमही अचूक साधे. दारू व शिसे दुर्मीळ असलेल्या अरण्यात वाया गेलेला प्रत्येक बार महाग पडत असे.

३/१९
एकोणिसाव्या शतकात शिकारी पश्चिमेकडे सरकले आणि पायी चालणारा माणूस घोड्यावर बसला. खोगिरावर ४४ इंचांची नळी ही अडचणच. सेंट लुईस येथील जेकब आणि सॅम्युएल हॉकन या बंधूंच्या रायफली आखूड, जाड आणि मोठ्या व्यासाच्या होत्या, कारण समोर आता हरणासोबत अस्वल आणि गवाही होता. नळीची लांबी ही शिकाऱ्याची चाल, त्याचे वाहन आणि त्याचे सावज यांच्यात झालेली तडजोड असते, हे सूत्र येथेच दिसू लागते.

४/१९
खरी उलथापालथ १८८४ मध्ये झाली. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती त्या दारूची लेबेल रायफल आली. नवी दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी शक्तिमान होती. तिने दिलेला वेग पूर्वी कोणत्याही लांबीच्या नळीतून मिळाला नव्हता. वेगासाठी लांबीच हवी, हे शतकांचे बंधन त्यामुळे एकाएकी सैल झाले.

५/१९
अमेरिकन शिकाऱ्यापर्यंत ही क्रांती पोहोचवली ती जॉन ब्राउनिंगने रचलेल्या विंचेस्टर १८९४ या रायफलीने. १८९५ मध्ये तिच्यासाठी ‘थर्टी-थर्टी’ हे धूरविरहित दारूचे काडतूस आले. रायफलीची नळी २६ इंच, तर कार्बाइनची अवघी २० इंच होती. झाडीतून वाट काढणाऱ्या हरणाच्या शिकाऱ्याने हळूहळू कार्बाइनच जवळ केली. पुढे या नमुन्याच्या ७० लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या. हरणाची रायफल आखूडही असू शकते, हे तिने रूढ केले.

६/१९
आखूड नळीचे एक देणे मात्र चुकत नाही. गोळी तोंडाबाहेर पडते त्या क्षणी नळीत दाबलेला वायू मागोमाग फुटून बाहेर येतो. नळी जितकी आखूड, तितका त्या क्षणीचा दाब अधिक आणि म्हणून स्फोटही मोठा. शिकारीच्या रायफलीचा आवाज साधारण १६० ते १७० डेसिबलच्या घरात असतो. क्षणिक आवाजासाठी धोक्याची पातळी १४० डेसिबल मानली जाते. म्हणजे कान उघडे ठेवून झाडलेली प्रत्येक गोळी श्रवणशक्तीतून काही ना काही वजा करते.

७/१९
या वजाबाकीचे ठळक उदाहरण म्हणजे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. १८८४ च्या सुमारास पहिली स्वयंचलित मशीनगन घडवणारा हा संशोधक आयुष्यभराच्या गोळीबाराने जवळजवळ ठार बहिरा झाला. इतिहासाचा योगायोग असा की, बंदुकीचा आवाज आवरण्याचे पहिले यशस्वी व्यापारी साधन त्याच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, घडवले. ३० मार्च १९०९ रोजी त्याला त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले.

८/१९
न्हाणीच्या टबातून भोवरा करत निचरा होणारे पाणी पाहून पर्सी मॅक्सिमला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. नळीच्या तोंडाशी कप्प्याकप्प्यांचे नळकांडे बसवायचे. वायू त्यांत फिरतो, पसरतो, थंडावतो आणि सावकाश बाहेर पडतो. मोटारगाडीच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच, आणि मॅक्सिमने इंजिनांसाठीही अशी साधने केली. सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंदाहून वेगवान गोळी हवा चिरत जाताना जो कडाका करते, तो मात्र या नळकांड्याने थांबत नाही. म्हणूनच जाणकार त्याला ‘सप्रेसर’, म्हणजे आवाज दाबणारा, म्हणणे पसंत करतात.

९/१९
त्या काळी हे साधन गुन्हेगारीचे प्रतीक नव्हते. शेजाऱ्यांची झोप न मोडता घरामागे नेमबाजीचा सराव करू इच्छिणाऱ्या सभ्य गृहस्थांसाठी त्याची जाहिरात होत असे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आणि नामांकित शिकारी थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही सायलेन्सर लावलेली विंचेस्टर १८९४ होती. दुकानात जावे, पैसे मोजावेत आणि सायलेन्सर घेऊन यावे, इतका तो व्यवहार सरळ होता. पंचवीस वर्षांत हे सारे पालटले.

१०/१९
१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेतील शहरांत टोळ्यांचे राज्य माजले. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून ठार मारण्यात आले. फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामी येथे नियोजित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर पिस्तुलाने गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले, पण शिकागोचे महापौर अँटन सर्माक यांना प्राणघातक जखम झाली. जनमत कठोर कायदा मागत होते. महान्यायवादी होमर कमिंग्ज यांनी तो आणला.

११/१९
मूळ मसुद्याचा खरा रोख होता मशीनगन आणि पिस्तूल यांच्यावर. पिस्तूल खिशात लपते, म्हणून त्याची नोंदणी आणि त्यावर कर. पण मग एक पळवाट उरते : साध्या रायफलीची नळी आणि दस्ता करवतीने कापला की तिचेच पिस्तूल होते. ही वाट बंद करण्यासाठी आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगनही कायद्यात घेण्यात आल्या. म्हणजे लांबीची अट ही मुख्य तरतुदीची राखणदार होती.

१२/१९
पुढे जे घडले त्यात या कथेचे मर्म आहे. विरोधामुळे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली. ज्याच्या रक्षणासाठी कुंपण घातले ते शेतच उरले नाही. कुंपण मात्र जागच्या जागी राहिले. २६ जून १९३४ रोजी संमत झालेल्या ‘नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट’नुसार १८ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीवर २०० डॉलर कर बसला. खिशात मावणारे पिस्तूल त्यातून मोकळे सुटले आणि १७ इंचांची रायफल अडकली.

१३/१९
त्याच यादीत सायलेन्सरही गेला. कायद्यापूर्वीच्या चर्चेत त्याच्याविषयी फारसे कोणी बोललेले आढळत नाही. मंदीत उपाशी माणसे चोरून हरणे मारतील, ही भीती त्यामागे असावी, असा तर्क पुढे केला जातो. हरणांची चिंता निराधार नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमर्याद शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली होती. आज त्यांची संख्या सुमारे तीन कोटी आहे. २०० डॉलर म्हणजे आजचे चार हजारांहून अधिक. काही डॉलरच्या वस्तूवर हा कर म्हणजे व्यवहारात बंदीच होती.

१४/१९
अटलांटिकच्या पलीकडे ब्रिटनमध्ये आवाज दाबण्याची विद्या युद्धाने पुढे नेली. विल्यम गॉडफ्रे डी लिल या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धात कमांडोंसाठी घडवलेली कार्बाइन आजही सर्वांत शांत बंदुकांत गणली जाते. ली-एनफील्ड रायफलीच्या यंत्रणेवर त्याने पिस्तुलाच्या संथ गोळीसाठी आखूड नळी बसवली आणि तिच्याभोवती जाडजूड सायलेन्सर गुंडाळला. गोळी ध्वनीहून मंद असल्याने तिचा कडाकाही होत नसे. मात्र अशा गोळीचा पल्ला आणि तडाखा दोन्ही मर्यादित असतात.

१५/१९
ब्रिटिश कायद्याने हरणाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. तेथेही नळीला ३० सेंटिमीटरची किमान मर्यादा आहे. पण शिकाऱ्याला खरा बांधतो तो दुसरा नियम. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या कायद्यानुसार हरणावर झाडलेल्या रायफलीच्या गोळीत सर्वसाधारणपणे किमान १,७०० फूट-पौंड ऊर्जा हवी. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशात मोठ्या हरणांसाठी १,७५० फूट-पौंड ऊर्जा आणि सेकंदाला २,४५० फूट वेग सांगितला आहे. एक देश रायफल फुटपट्टीने मोजतो, दुसरा तिचा परिणाम मोजतो. दुसऱ्या मोजणीमागील हेतू स्पष्ट आहे : प्राणी जखमी होऊन झाडीत तडफडू नये.

१६/१९
या मोजमापात नळीची लांबी थेट उतरते. नळी एक इंच कापली की साधारण २० ते ३० फूट प्रतिसेकंद वेग जातो. १९५२ च्या ‘.३०८ विंचेस्टर’ काडतुसात १५० ग्रेनची गोळी २४ इंची नळीतून सुमारे २,८०० फुटांच्या वेगाने निघते. १६ इंचांत दोनशे फूट गमावूनही तिच्याकडे २,२०० फूट-पौंडांहून अधिक ऊर्जा उरते. १९५५ च्या ‘.२४३’ची स्थिती तितकी सुखाची नाही. तीच कापाकापी तिला १,७०० च्या रेषेपाशी किंवा खालीही नेऊ शकते. शिवाय शिकारीची गोळी लागल्यावर उमलायला हवी. अनेक गोळ्यांना त्यासाठी सुमारे १,८०० ते २,००० फूट वेग लागतो. आखूड नळीत हा पल्ला जवळ येतो.

१७/१९
सायलेन्सर या हिशेबात आणखी सहा ते नऊ इंच जोडतो. २४ इंची नळीला तो लावला की ३२ इंचांचा दांडा होतो. झाडावरील मचाणात तो फांद्यांना अडतो आणि तोंडाकडे वजन गेल्याने नेम डळमळतो. म्हणून आजचे शिकारी १६ ते २० इंचांत थांबतात. सायलेन्सर २० ते ३५ डेसिबल कमी करतो; पण फार आखूड नळीतून येणारा जादा दाब त्याच्यावरच आदळतो आणि शांततेचा लाभ घटतो. २०११ मध्ये मान्यता पावलेले ‘.३०० ब्लॅकआउट’ काडतूस नऊ-दहा इंचांत दारू जाळते. त्याची ध्वनीहून मंद गोळी अतिशय शांत असली, तरी तिची ऊर्जा ५०० फूट-पौंडांच्या आसपास भरते. ब्रिटनमध्ये तिने हरीण मारणे बेकायदा ठरते.

१८/१९
मूळची १८ इंचांची मर्यादा रायफलीसाठी १९६० मध्ये १६ वर आली. तिच्यापाशी पोहोचण्याच्या युक्त्याही कायद्यानेच जन्माला घातल्या. बंद बोल्टपासून तोंडापर्यंत सळई घालून नळी मोजतात. तोंडाशी कायमचा जोडलेला भाग त्यात धरला जातो. म्हणून १४.५ इंचांच्या नळीला पुढे तुकडा पिनेने व वेल्डिंगने जोडून ती ‘१६ इंची’ केली जाते. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड रायफलीवरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. नोंदणी कायम आहे, आणि १६ इंचांची रेषाही.

१९/१९
पेनसिल्व्हानियाच्या कारागिराला नळीची लांबी दारूने शिकवली, हॉकन बंधूंना घोड्याने आणि विंचेस्टरच्या शिकाऱ्याला झाडीने. आजच्या अमेरिकन शिकाऱ्याला ती १९३४ च्या एका मसुद्याने शिकवली, आणि त्या मसुद्याचा गाभा संमतीपूर्वीच वगळला गेला होता. कायदा संमत होतो तेव्हा त्याची कारणे सर्वांना ठाऊक असतात. कालांतराने कारणे विस्मरणात जातात आणि आकडा उरतो. पुढच्या पिढ्या तो निसर्गनियमासारखा पाळतात, त्याच्या मापाने वस्तू घडवतात. म्हणून जुन्या कायद्यात नेमका आकडा दिसला की तो कोणत्या कलमाच्या रक्षणासाठी घातला होता आणि ते कलम आज अस्तित्वात आहे का, हे दोन प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजेत.