कायदा वृद्धांच्या दाराशीं

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वृद्धांसाठीं जो सरकारी आरोग्य-विमा आहे, त्यास ‘मेडिकेअर’ असें नांव आहे. हा कायदा कसा संमत झाला, ही हकीगत पुष्कळांस ठाऊक असते; परंतु संमत झाल्यानंतरच्या अकरा महिन्यांत त्या देशानें जी तयारी केली, तिची हकीगत अधिक बोधप्रद आहे.

सन १९४५ च्या नोव्हेंबरांत अध्यक्ष ट्रूमन यांनीं राष्ट्रीय आरोग्य-विम्याची योजना काँग्रेसपुढें मांडली. डॉक्टरांच्या संघटनेनें तिला कडवा विरोध केला व ती बारगळली. पुढें सुमारें वीस वर्षांनीं, ३० जुलै १९६५ रोजीं, अध्यक्ष जॉन्सन मुद्दाम ट्रूमन यांच्या इंडिपेंडन्स गांवीं गेले आणि ८१ वर्षांच्या त्या वृद्ध गृहस्थासमक्ष त्यांनीं वृद्धांच्या विम्याच्या कायद्यावर सही केली.

सही झाली म्हणजे काम झालें, असें मात्र नव्हतें. विम्याचे दोन भाग होते. इस्पितळाच्या खर्चाचा विमा ६५ वर्षांवरील बहुतेकांस वेगळी वर्गणी न देतां मिळणार होता. डॉक्टरांच्या फीचा विमा ऐच्छिक होता. त्यासाठीं दरमहा ३ डॉलर देण्याचें कबूल करून नांव नोंदवावयाचें होतें, आणि मुदत होती ३१ मार्च १९६६ पर्यंत. वृद्धांपैकीं कोणी निरक्षर, कोणी एकाकी, कोणी शहरापासून दूर. त्यांना पत्रें पाठविण्यांत आलीं. परंतु पत्रानें सारेच हलत नाहींत. म्हणून गरीब वस्त्यांतील वृद्धांनाच पगारावर नेमण्यांत आलें, व ते आपल्या समवयस्कांच्या घरोघर जाऊन योजना समजावून देऊं लागले. रानांत एकटे राहणाऱ्यांचा शोध वनरक्षकांनीं घेतला. तरीहि कांहीं मागें राहिले, तेव्हां मुदत ३१ मेपर्यंत वाढविण्यांत आली.

इस्पितळांनाहि तयारी करावी लागली. दक्षिणेकडे अनेक ठिकाणीं गोरे व कृष्णवर्णीय रोगी वेगवेगळ्या दालनांत ठेवीत. कित्येक इस्पितळें तर कृष्णवर्णीयांस घेतच नसत. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यान्वयें असा भेद पाळणाऱ्यांस सरकारी पैसा मिळणार नव्हता. निरीक्षक गांवोगांव हिंडले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हा भेद बहुतेक इस्पितळांनीं थोड्याच महिन्यांत सोडला.

१ जुलै १९६६ रोजीं विमा अंमलांत आला, तेव्हां सुमारें १ कोटि ९० लक्ष लोकांस त्याचा आधार मिळाला. ऐच्छिक भागांतहि शेंकडा ९० हून अधिकांनीं नांवें नोंदविलीं होतीं.

आजहि ६५ वर्षें पुरीं होण्याचा महिना, त्यापूर्वींचे तीन व नंतरचे तीन, असे सात महिने पहिल्या नोंदणीस मिळतात. नोकरीच्या विम्यासारखें सबळ कारण नसतां जो ही मुदत चुकवितो, त्याच्या ऐच्छिक भागाच्या वर्गणींत विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षाबद्दल शेंकडा १० ची भर पडते, आणि ती बहुधा जन्मभर राहते. १९६६ सालीं कायदा वृद्धाच्या दाराशीं चालत गेला होता. आतां साठी उलटल्यावर महिने मोजण्याचें काम पुष्कळदां ज्याचें त्यालाच करावें लागतें.