रेडियमचे ठिपके

आमच्या रत्नागिरीत अंधारात जे जे चमकते ते ते रेडियम. सायकलच्या मडगार्डावरची लाल पट्टी रेडियम, ट्रकमागचा 'आईचा आशीर्वाद' रेडियम आणि देव्हाऱ्यातला हिरवट गणपतीही रेडियमचाच. काजवा तेवढा सुटला, कारण त्याचे बारसे आधीच झाले होते.

माझा पुतण्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. बेसवाला म्हणजे पंगतीतला आमटीवाढ्या. असला तर कोणी बघत नाही, नसला तर सगळे हाका मारतात. पूर्वी हे काम माणसाहून उंच डबल बेस करी. त्याला पडदे नाहीत, सूर कानाने हुडकायचा. 1951 साली अमेरिकेतल्या लिओ फेंडरने गळ्यात अडकवायचा बेस बाजारात आणला, सतारीसारखे त्याला पडदे ठोकले आणि नाव ठेवले 'प्रिसिजन'. म्हणजे बोट घरात ठेवा, सूर बिनचूक! घर कितवे ते कळावे म्हणून दांडीच्या कडेला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या घरात एकेक ठिपका आणि बाराव्यात दोन.

पण लिओसाहेबांनी आमचा लाइटवाला पाहिला नव्हता. विरहगीत सुरू झाले की हा गृहस्थ सगळे दिवे घालवून गायिकेवर एक निळा झोत सोडतो. बेसवाला मागे काळोखात. बोट एक घर चुकले की पाया अर्ध्या सुराने सरकतो आणि वरची इमारत कलते. भजनी बुवांचे बरे असते. पेटीच्या काळ्या पट्ट्या उंच, डोळे मिटूनही हाताला लागतात. बेसचे वीसच्या वीस पडदे मात्र सारख्याच उंचीचे.

"काका, ठिपक्यांना रेडियम लावतो," पुतण्या म्हणाला. नंबरप्लेटवाल्याकडून चिकटपट्टी आणली. काळोखात ती ढिम्म! ती पट्टी स्वतः उजळत नाही, समोरून आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवते. आता मंडपात समोरून मोटार कोण आणणार?

मग मुंबईहून चमकणाऱ्या रंगाची बाटली मागवली. ठिपका तांदळाच्या कणीएवढा. ब्रशाला टोक काढायला पुतण्याने तो ओठांशी नेला आणि मी असा ओरडलो की स्वयंपाकघरातून सगळे धावत आले.

ओरडायला कारण होते. क्युरी पतिपत्नींनी 1898 साली रेडियम शोधले. त्याचा कण झिंक सल्फाइडमध्ये मिसळला की रंग रात्रभर चमकतो. पहिल्या महायुद्धात अशा घड्याळांना मागणी आली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात मुली तबकड्या रंगवू लागल्या. आकडा सुबक यावा म्हणून ब्रश ओठांत धरून टोक काढायचे, असेच त्यांना शिकवले होते. रंग निरुपद्रवी आहे असेही सांगितले होते. पोरीच त्या, गंमत म्हणून नखांनाही लावीत. रेडियम हाडांत जाऊन बसले. दात पडले, जबडे कुजले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणी 1927 साली कोर्टात गेल्या. 1928 साली तडजोड झाली, प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे. ग्रेस 1933 साली गेली. तो रंग तयार करणारा सॉकॉकी त्याच रेडियमपायी 1928 सालीच गेला होता.

"काका, ह्यात रेडियम नसतं," पुतण्या म्हणाला. खरेच आहे. हा रंग स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा. तो 1993 साली जपानच्या नेमोतो कंपनीने काढला. तो उजेड पितो आणि सावकाश परत करतो. अपाय नाही. तरी ब्रश फडक्याला पुसायचा, तोंडात घालायचा नाही. हा साधा नियम त्या पोरींनी जबडे देऊन शिकवला आहे.

यंदाच्या गणपतीत दिवे गेले आणि दांडीवर सहा हिरवे ठिपके उमटले. सूर जागच्या जागी! शेजारचे आजोबा म्हणाले, "रेडियम लावलंनीत वाटतं?"

"नाही हो, स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट."

"तेच ते," म्हणून ते पानाला चुना लावू लागले.

मी वाद घातला नाही. रेडियम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. ऑरेंजच्या त्या पोरींच्या हाडांत ते अजून शिल्लक आहे. निदान रत्नागिरीच्या बोलण्यात त्याचे नाव तरी राहू दे.