आश्रय: हक्क की मेहेरबानी?

फाळणी शिकवताना मी वर्षानुवर्षे पंजाबची आगगाडीच उभी करीत आलो. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्या गर्दीत आपली माणसं कुठं होती?" मी निरुत्तर झालो. उत्तरासाठी बंगालकडे वळावे लागले.

तिथे प्रथम भेटतात नमःशूद्रांचे पुढारी जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढचे मात्र टाळतो. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. दलित आणि मुसलमान कष्टकऱ्यांचे हित एक, हा त्यांचा हिशेब. १९५० च्या दंगलींनी तो मोडला आणि त्याच ऑक्टोबरात राजीनामा देऊन ते कलकत्त्याला आले. देशाचा कायदामंत्रीच निर्वासित झाला!

भद्रलोक त्याआधीच आले होते. त्यांच्याजवळ शिक्षण होते, कलकत्त्यात सोयरे होते. नमःशूद्र शेतकरी जमिनीला चिकटून राहिला, उशिरा निघाला आणि छावणीत अडकला. तिथून दंडकारण्यात, कोरापुट-बस्तरच्या रानात. काही कुटुंबे आपल्या चांदा जिल्ह्यातही आली. आजच्या गडचिरोलीत त्यांची गावे आहेत.

याच काळात, १९५१ साली, जिनिव्हात निर्वासितांचा करार झाला. जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत धाडायचे नाही, हे त्याचे मर्म. पण तो लिहिताना युरोपची दुर्दशा डोळ्यांपुढे होती. १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच तो होता. १९६७ च्या जोडकरारात ही मर्यादा गेली. भारताने दोहोंवर आजतागायत सही केलेली नाही. देशातला कायदा म्हणजे इंग्रजांचा १९४६ चा परकीय नागरिक कायदा. त्याला घुसखोर आणि जीव वाचवायला आलेला माणूस यांत फरक दिसत नसे. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. आश्रयाचा हक्क त्यातही नाही.

उरते ती घटना. एकविसाव्या कलमात शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नव्हे. त्याच आधारावर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमांच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य सरकारला बजावले. पण २०२१ साली जम्मूतील रोहिंग्यांना परत धाडणे याच न्यायालयाने थांबवले नाही. रीतसर धाडा, एवढेच सांगितले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तर आश्रयाला धर्माची चाळण लावली. तिच्यातून नमःशूद्र पार होतो म्हणून काही मित्र खूश आहेत. मला ते पटत नाही. जी मेहेरबानी दाखल्यावरचा धर्म पाहून मिळते, ती उद्या जात पाहूनही नाकारता येते.

मरिचझापी आठवा. दंडकारण्यातील हजारो निर्वासित १९७८ साली सुंदरबनात परतले. विरोधात असताना ज्यांनी त्यांना बंगालात वसवण्याची मागणी केली, तेच आता सत्तेवर होते. निर्वासितांनी बेटावर शाळा बांधली, मासेमारी सुरू केली. सरकार म्हणाले, हे राखीव जंगल आहे. जानेवारी १९७९ मध्ये बेटाला वेढा पडला. अन्न तुटले, पाणी तुटले, गोळीबार झाला. लोक उच्च न्यायालयात गेले. अन्नपाणी अडवू नका, असा आदेशही मिळाला. मे महिन्यात पोलिसांनी झोपड्या जाळून बेट रिकामे केले. किती मेले याचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा आजही जुळत नाही.