साष्टीतील एका श्रोत्याचे मागणे

मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सच्या ओव्या आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असतानाच पाठ केलेल्या असतात. ज्या 'क्रिस्तपुराणा'तून त्या घेतल्या, तो सुमारे ११,००० ओव्यांचा ग्रंथ मात्र फारच थोड्यांनी उघडून पाहिलेला असतो. एका परदेशी पाद्र्याने आपल्या भाषेची वाहवा केली, एवढ्यावर संतोष मानून आपण पुस्तक मिटतो. परंतु हा ग्रंथ मराठीच्या स्तुतीकरिता लिहिलेला नाही. नव्या धर्मात आलेल्या, वयाने व बुद्धीने प्रौढ अशा गृहस्थांस त्या धर्माचे मर्म कसे समजावून द्यावे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. आणि विशेष हे की, तो प्रश्न पाद्र्याने काढलेला नसून एका श्रोत्याने त्याच्यापुढे ठेवलेला आहे.

तो प्रसंग स्टीफन्सने पहिल्या पुराणाच्या आरंभीच वर्णिला आहे. स्थळ गोव्यातील साष्टी प्रांत. मुलांना ख्रिस्ती शिकवणीचे पाठ देण्याचे काम चालू आहे. तेथे एक ब्राह्मण पाद्र्यास विनवितो की, आपण मुलांस शिकविता ते उत्तमच आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांस का देत नाही? हा प्रसंग जसाच्या तसा घडला, की ग्रंथारंभासाठी कवीने तो योजिला, याचा निर्णय करण्याचे येथे कारण नाही. हे मागणे नम्र असले तरी त्यात एक गाऱ्हाणे आहे, आणि ते गाऱ्हाणे लेखकाने झाकून ठेविले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

ते गाऱ्हाणे खरे होते. १५६७ साली साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. जुने ग्रंथ बाळगणे धोक्याचे झाले. १५८३ साली कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी येशूसंघाच्या पाच जणांस ठार मारले, आणि त्यानंतर वाटाघाटीसाठी बोलाविलेल्या गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांस पोर्तुगिजांनी मारिले. अशा भूमीत जे ख्रिस्ती झाले त्यांपैकी कोणी श्रद्धेने, कोणी भयाने, तर कोणी वतन राखण्यासाठी झाले असतील. कसेही झालेले असोत, त्यांच्या घरातील पोथी गेली होती, आणि तिच्याबरोबर संध्याकाळचे वाचन, श्रवण व त्यावरचा वादही गेला होता.

रोमन धर्मसंस्थेस या अडचणीची सर्वस्वी जाणीव नव्हती असे नाही. १५४५ पासून १५६३ पर्यंत चाललेल्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने, लोकांस धर्माची शिकवण त्यांच्या भाषेत समजावून द्यावी असा दंडक घातला होता. परंतु १५६६ साली रोमहून जो विस्तृत शिक्षणग्रंथ निघाला तो मुख्यतः पाद्र्यांच्या उपयोगाचा होता. सामान्य भाविकाच्या वाट्यास लहानशी प्रश्नोत्तरी येई: श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, सात संस्कार. स्टीफन्सनेही मार्कुस जॉर्ज याच्या पोर्तुगीज पुस्तकाच्या आधाराने कोंकणीत अशी प्रश्नोत्तरी रचिली, व ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे छापली गेली. तेव्हा पाठांतराची उपयुक्तता त्यास मान्य होती हे उघड आहे. पण प्रश्नोत्तरीत प्रश्नही शिक्षकच घालतो. चाळीस वर्षांच्या गृहस्थास, ज्याने लहानपणापासून कथापुराणे ऐकली, त्यास स्वतःचे प्रश्न असतात. आणि सृष्टी का झाली, पाप कोठून आले, तारणारा का यावा लागला, यांची एका ओळीची उत्तरे त्याचे समाधान करीत नाहीत.

हे स्टीफन्सला उमगले याचे एक कारण त्याच्या चरित्रात असावे, असे मला वाटते. तो १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात जन्मला. एलिझाबेथ राणीच्या त्या राज्यात कॅथलिक उपासनेस बंदी होती, आणि त्याच्या एका निकटच्या मित्रास श्रद्धेपायी तुरुंगवास घडला. स्वतः तो देश सोडून रोमला गेला, १५७५ साली येशूसंघात शिरला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरला. राजसत्तेने आपली उपासना हिरावून घेतली म्हणजे काय होते, हे त्याने भोगले होते. आणि येथे तो ज्या सत्तेच्या छत्राखाली आला होता ती दुसऱ्यांच्या उपासनेस तेच करीत होती. या विसंगतीचा त्याने कोठे उच्चार केल्याचे मला आढळले नाही. तथापि त्या श्रोत्याचे मागणे ग्रंथात नोंदविताना त्याचा हात अडखळला नाही, एवढे निश्चित.

१५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी ताडून पाहिली आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथे रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरविलेली हस्तलिखिते आहेत; त्यांवरून येशूसंघाचे लोक आपले वाङ्मय किती बारकाईने वाचीत होते ते कळते. ज्या पोथ्या लोकांपासून काढून घेतल्या, त्याच पाद्र्यांनी अभ्यासाकरिता जपल्या! या अभ्यासाचे फळ म्हणजे १६१६ साली रायतूरला छापलेले 'क्रिस्तपुराण'. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, दुसऱ्याचे ५९; पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, तर दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. छंद ओवीचा, म्हणजे ज्ञानेश्वर-एकनाथांनी मराठी कानांस लावून दिलेला.

शब्दांच्या बाबतीत त्याने घेतलेले धाडस आणि पाळलेली सावधगिरी ही दोन्ही पाहण्यासारखी आहेत. स्वर्गास तो 'वैकुंठ' म्हणतो. पवित्र आत्म्याकरिता मात्र लॅटिन-पोर्तुगीज वळणाचे नावच ठेवितो. 'वैकुंठ' शब्द ऐकताच श्रोत्याच्या मनात जुनी चित्रे उभी राहणार, हे त्यास ठाऊक नव्हते काय? अवश्य होते. परंतु त्या शब्दाचा नवा अर्थ कथेच्या ओघात श्रोत्यास स्वतःच उमगेल, असा भरवसा त्याने बाळगिला. मुलाकडून व्याख्या पाठ करून घेता येते. प्रौढावर मात्र विश्वास टाकावा लागतो. धर्मशिक्षणातील हा भेद त्याने चारशे वर्षांपूर्वी ओळखला, हे त्याचे खरे मोठेपण होय.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. पुस्तके देशी लिपीत निघावीत म्हणून १६०८ साली त्याने येशूसंघाच्या प्रमुखास पत्र लिहिले. दक्षिणेत कोल्लम येथे १५७८ सालीच तमिळ लिपीत ख्रिस्ती पुस्तक छापले गेले होते. येथे मात्र सुमारे सहाशे ठसे पाडावे लागतील, ही अडचण होती. ते काम झाले नाही, आणि मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. १६१९ साली स्टीफन्स वारला. १६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. त्या काळच्या छापील प्रतींपैकी आज एकही ज्ञात नाही.

पुढे सत्तेचे मन पालटले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढिले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १७४५ साली तर पोर्तुगीज येत नसेल त्याचे लग्न लावू नये, इथपर्यंत आर्चबिशपांची आज्ञा गेली. ज्या श्रोत्याच्या आजोबाची पोथी गेली होती, त्याच्या नातवाची भाषाही आता मागितली जात होती. तरीही हे पुराण मेले नाही. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून ठेविले, आणि अशाच प्रतींवरून सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास नवी आवृत्ती काढिली. लंडनमध्ये मार्सडेनच्या संग्रहातून त्याचे देवनागरी हस्तलिखितही उजेडात आले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे स्टीफन्सची लिपीविषयीची इच्छा छापखान्यात पुरी झाली. अवघ्या नऊ वर्षांनी, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व भाविकांस धर्मशास्त्र मोकळेपणे उपलब्ध असावे, असे जाहीर केले.

ग्रंथ जपला तो कोणी, हे विसरता कामा नये. तो परिषदांनी किंवा व्हाइसरॉयांनी जपला नाही. संसारी माणसांनी, दिव्याच्या उजेडात, ओवी ओवी उतरवून जपला. पाद्र्याने लिहिलेले पुस्तक त्यांचे स्वतःचे झाले, याची याहून दुसरी साक्ष कोणती हवी? जबरदस्तीने श्रद्धा बदलता येते की नाही, याचा वाद पंडितांनी खुशाल करावा. परंतु एकदा पत्करलेली श्रद्धा मनात रुजावयाची, तर माणसास त्याच्या भाषेत, त्याच्या वयास शोभेल असे काही तरी द्यावे लागते, हे साष्टीतील त्या अनाम ब्राह्मणास प्रथम कळले. मराठीचे ते स्तवन पुन्हा वाचताना स्टीफन्सबरोबर त्याचेही स्मरण आपण ठेवावे.